आतेभावाची किडनी आणि कमिटीसमोरचा अर्धा तास

दोन वर्षं आठवड्यातनं तीनदा डायलिसिस चालू होतं, बायकोचा ब्लड ग्रुप जुळेना, आईला शुगर, झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव कुणाला द्यायचे ते बघणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव होतं पण नंबर कधी लागेल ते कोण सांगणार. अशात आतेभाऊ दत्ता फोनवर म्हणाला, "दादा माझी घे की, दोन आहेत." जादाचा सिलेंडर देतो म्हणावं तसं!

मला वाटलं सुटलो. पण अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात, २०११ ची दुरुस्ती धरून, जवळचे नातेवाईक म्हणजे आईवडील, मुलं, सख्खी भावंडं, नवरा-बायको, आजीआजोबा आणि नातवंडं, बास. आतेभाऊ त्यात नाही, म्हणजे ऑथोरायझेशन कमिटीची परवानगी, यात पैशाचा व्यवहार नाही ना ते ती तपासते. मग दोघांचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे कागद, त्याच्या बायकोची संमती, नात्याचे पुरावे, जुने फोटो. मी बँकेत, तो रिक्षा चालवतो, गाडी अडली ती इथेच. फाइल दोनदा परत आली. शेवटी आत्याच्या ट्रंकेत जत्रेतल्या स्टुडिओचा फोटो सापडला, पुठ्ठ्याच्या मोटरसायकलवर आम्ही दोघं, दत्त्याच्या नाकाला शेंबूड.

कमिटीसमोर व्हिडिओ चालू, आणि थेट प्रश्न, "किती ठरलंय?" दत्ता भडकला, "मामाकडं लहानाचा मोठा झालोय साहेब." मलाही राग आला, पण खरं सांगायचं तर मला राग यायचा हक्क नव्हता. डायलिसिसला जायचो तिथं चहाच्या टपरीवर एकाने विचारलं होतं, डोनर बघू का, बायको म्हणून कागद करून देतो. मी लगेच नाही म्हटलं नव्हतं. आधी "कितीला?" विचारलं होतं. यात पैसे देणाऱ्यालाही ५ ते १० वर्षं जेल आणि कमीत कमी २० लाख दंड आहे हे नंतर कळलं, आणि तेव्हा कळलं असतं तरी विचारलं नसतंच असं छातीठोक सांगता येत नाही, चार तास मशीनला पडून माणूस कसा होतो ते ज्याचं त्याला ठाऊक.

परवानगी मिळाली, ऑपरेशन झालं, दोघं ठीक आहोत.

मध्यंतरी दत्ता जेवायला आला होता तेव्हा बोलला. कमिटीच्या आधी कौन्सेलर बाईंनी त्याला एकट्याला बसवून सांगितलं होतं, नको वाटत असेल तर आत्ताच सांगा, आम्ही घरच्यांना रिपोर्ट जुळला नाही एवढंच सांगू, कुणाला कळणार नाही.

"मग?"

"मग काय, बाहेर जाऊन एक चहा प्यालो," म्हणाला, आणि आमटी मागितली.