न्यायमूर्ती लेम्युएल शॉ आणि त्यांचे बॉस्टन

अमेरिकेतील न्यायव्यवस्था म्हटली की आपल्याकडील वाचकांना वॉशिंग्टनचे सर्वोच्च न्यायालय आठवते. प्रत्यक्षात येथे राहू लागल्यावर कळते की घरभाडे, अपघात, वारसा, घटस्फोट, शाळा अशा रोजच्या व्यवहारांतील बहुतेक कायदा राज्याचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध दिल्लीला जाता येते. येथे मात्र केवळ राज्याच्या कायद्याचा प्रश्न असेल, तर मॅसॅच्युसेट्सचा वाद बॉस्टनमध्येच संपतो. येथील राज्याचे सर्वोच्च न्यायालय १६९२ सालचे, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाहून जवळजवळ शंभर वर्षांनी जुने आहे. या न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तिपदी १८३० ते १८६० अशी सलग तीस वर्षे बसलेल्या लेम्युएल शॉ यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हा प्रपंच.

शॉ यांचा जन्म १७८१ साली केप कॉडवरील बार्न्स्टेबल या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८०० साली हार्वर्डमधून पदवी घेऊन त्यांनी बॉस्टनमध्ये वकिली सुरू केली आणि व्यापारी अशिलांच्या जोरावर उत्तम जम बसवला. १८२२ साली बॉस्टनला शहराचा दर्जा मिळाला, तेव्हा त्याची सनद त्यांनीच लिहिली. न्यायाधीशपदाचा मात्र त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. डॅनियल वेब्स्टर यांच्यासारख्या पुढाऱ्याने गळ घातली, तेव्हा वकिलीतील भरघोस उत्पन्नावर पाणी सोडून त्यांनी ही जागा स्वीकारली. कादंबरीकार हर्मन मेलव्हिल हे त्यांचे जावई. शॉ यांनी लिहिलेले निकाल सुमारे २,२०० भरतात, आणि रेल्वे, गिरण्या व कारखाने नुकतेच उभे राहत असल्यामुळे त्यांतील अनेक प्रश्नांना जुन्या पोथ्यांत उत्तरच नव्हते.

१८३६ साली त्यांच्यापुढे मेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीचा खटला आला. न्यू ऑर्लिन्सची एक मालकीण माहेरी बॉस्टनला येताना या गुलाम मुलीला सोबत घेऊन आली होती. गुलामगिरीविरोधी महिलांच्या संस्थेने न्यायालयात धाव घेतली. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याला गुलामगिरी ठाऊक नाही, त्यामुळे मालकाने स्वतःहून येथे आणलेल्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध परत नेता येणार नाही, असा निकाल देऊन शॉ यांनी मेडला मुक्त केले. त्याच निकालात त्यांनी पळून आलेल्या गुलामांचा प्रश्न मात्र वेगळा ठेवला, कारण त्यांना परत देण्याचे कलम देशाच्या राज्यघटनेत होते. ही फट पुढे किती रुंदावली, ते खाली येईलच.

१८४२ या एकाच वर्षातले दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. बॉस्टनच्या बूट शिवणाऱ्या कारागिरांनी संघटना बांधून असे ठरवले होते की, सभासद नसलेल्या कारागिराला जो मालक कामावर ठेवील त्याच्याकडे आपण काम करायचे नाही. खालच्या न्यायालयाने हा गुन्हेगारी कट मानून त्यांना दोषी ठरवले होते. शॉ यांनी ती शिक्षा रद्द केली: एकत्र येण्याचा हेतू आणि साधन दोन्ही कायदेशीर असतील, तर संघटना हा गुन्हा नाही. अमेरिकेतील कामगार चळवळ आजही या निकालाचे नाव काढते.

दुसरा खटला निकोलस फारवेल या रेल्वे इंजिनचालकाचा होता. रोज दोन डॉलर मजुरीवर काम करणाऱ्या फारवेलचे इंजिन, सांधेवाल्याने सांधा चुकीचा ठेवल्यामुळे, रुळांवरून घसरले आणि चाकाखाली सापडून त्याचा उजवा हात गेला. त्याने कंपनीकडे दहा हजार डॉलर मागितले. चूक सहकाऱ्याची असल्याने मालक जबाबदार नाही, धोका पत्करूनच कामगार नोकरी धरतो आणि त्याचा मोबदला त्याच्या वाढीव मजुरीत आलेला असतो, असे शॉ यांनी ठरवले. हा युक्तिवाद मी अनेकदा वाचला आहे आणि त्याची मांडणी जितकी चोख, तितकेच गृहीतक पोकळ वाटते. सांधेवाल्याची नेमणूक चालक करीत नाही, आणि धावत्या इंजिनातून सांध्याची तपासणीही त्याच्या हाती नसते. इंग्लंडमध्ये १८३७ साली डोकावलेल्या या नियमाला शॉ यांनी असा भरीव आकार दिला की तो अमेरिकाभर पसरला. मॅसॅच्युसेट्समध्ये कामगारांना नुकसानभरपाईचा कायदा मिळायला १९११ साल उजाडले. याच तत्त्वाची इंग्रजी आवृत्ती ब्रिटिश अमलाबरोबर आपल्याकडेही आली होती आणि मालकांचा हा बचाव १९३८ च्या कायद्याने काढून टाकावा लागला, हे आपल्या गिरणगावच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शॉ यांचे घर बीकन हिलवर माउंट व्हर्नन स्ट्रीटला होते. तेथून जॉय स्ट्रीटने टेकडीच्या उत्तर उतारावर काही मिनिटे चालत गेले की विटांची एक लहानशी इमारत लागते. ती कृष्णवर्णीय मुलांसाठी १८३५ साली उघडलेली स्मिथ शाळा, जेथे आता संग्रहालय आहे. सारा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या मुलीला गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडून या शाळेत जावे लागे, म्हणून तिच्या वडिलांनी शहरावर दावा लावला. चार्ल्स सम्नर आणि कृष्णवर्णीय वकील रॉबर्ट मॉरिस यांनी तिची बाजू मांडली. कायद्यापुढे सर्व समान, हे सम्नर यांचे तत्त्व शॉ यांनी मान्य केले, आणि तरीही १८५० साली निकाल शहराच्या बाजूने दिला: मुलांची वर्गवारी करण्याचा अधिकार शाळा समितीचा आहे, आणि समाजातील पूर्वग्रह कायद्याने निर्माण केलेला नाही व कायद्याने बहुधा बदलणारही नाही. विधिमंडळाने पाचच वर्षांत, १८५५ साली, शाळांतील हा भेद कायद्याने बंद करून दाखवला. निकाल मात्र शिल्लक राहिला, आणि १८९६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेद वैध ठरवताना त्याचाच दाखला दिला.

१८५१ च्या एप्रिलमध्ये जॉर्जियातून पळून आलेला थॉमस सिम्स हा तरुण बॉस्टनच्या न्यायालयात कैदेत होता. लोक त्याला सोडवून नेतील या भीतीने इमारतीभोवती लोखंडी साखळ्या बांधल्या होत्या आणि न्यायाधीशांनाही त्यांखालून वाकून आत जावे लागले. मनाने गुलामगिरीच्या विरुद्ध असलेल्या शॉ यांनी राज्यघटनेतील कलमाकडे बोट दाखवून सिम्सच्या सुटकेचा अर्ज फेटाळला, आणि काही दिवसांनी पहाटेच्या अंधारात सशस्त्र बंदोबस्तात त्याला जहाजावर चढवण्यात आले. देश एकसंध राहायचा तर ही किंमत मोजलीच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १८६० साली पद सोडल्यावरही, पळून आलेल्यांना संरक्षण देणारे राज्याचे कायदे रद्द करावेत, अशा जाहीर आवाहनावर त्यांनी सही केली. ३० मार्च १८६१ रोजी ते वारले, तेव्हा दक्षिणेतील सात राज्ये देशातून फुटून बाहेर पडलेली होती.