दत्तूला 'बाबा' म्हणता येत नाही

शाळेत मुळाक्षरांच्या तक्त्यावर पाचवी ओळ असायची, प फ ब भ म. बाई म्हणायच्या, या ओळीला ओठ मिटतात. मिटेनात का, मला काय त्याचं? पुढे बाहुला हातात घेतला आणि या पाच अक्षरांनी माझा जीव काढला.

दिवसभर मी इंदूरच्या सियागंजात एका ठोक दुकानाचे हिशेब लिहितो. रविवारी आणि सणासुदीला दत्तूला पेटीतून काढतो. दत्तू म्हणजे माझा बोलका बाहुला. डोकं कागदाच्या लगद्याचं, जबड्याला दोरी, जबडा परत मिटायला आत रबर. ते रबर दर दोन-तीन कार्यक्रमांनंतर बदलावं लागतं, नाहीतर दत्तू ऐन वेळी 'आ' वासून बसतो.

ओठ न हलवता बाहुल्याच्या आवाजात बोलायचं, म्हणजे शब्दभ्रम करायचा, तर क, ग, ट, त, न, र, ल सुखरूप बाहेर पडतात, कारण ते सगळं काम जिभेचं. पवर्ग मात्र ओठांचाच. मग चोरी करावी लागते. प च्या जागी त, ब च्या जागी द, म च्या जागी न. जीभ दातांमागे जरा सैल टेकवायची आणि मनात मात्र प, ब, म असंच म्हणायचं. वाक्य झरकन गेलं तर ऐकणाऱ्याचा कान उरलेलं आपणहून भरून घेतो. सुटा शब्द आला की पकडले गेलात.

म्हणून नावापासूनच सावध राहायचं. यशवंत पाध्यांनी जन्माला घातलेला आणि पुढे रामदास पाध्यांनी घराघरांत नेलेला बाहुला अर्धवटराव घ्या. म्हणून बघा, एकदाही ओठ मिटत नाहीत. (व ला जवळ येतात, पण तेवढं खपतं.) त्यावरूनच मी 'दत्तू' ठेवलं. मुलांना अर्थात त्याच्याशी देणंघेणं नाही. 'झपाटलेला' १९९३ साली आला, तेव्हापासून कुठलाही बाहुला दिसला की मराठी पोरं 'तात्या विंचू' असंच ओरडतात.

आणि आमचं इंदूर तर पवर्गावरच जगतं. सकाळी पोहा-जलेबी, सराफ्यात भुट्टे का कीस, चौकात कुणी भेटलं तर 'भिया'. दत्तूला यातलं काहीच नीट बोलता येत नाही. त्यामुळे दत्तू फक्त कचोरी आणि गराडू खातो, वर शिकंजी पितो. लोकांना वाटतं, मी त्याला चोखंदळ केलाय.

फजिती झाली ती गणपतीत. रामबागेतल्या एका मंडळाचा कार्यक्रम, नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. निवेदकानं मला न विचारता माइकवर जाहीर करून टाकलं, "आता दत्तू बाप्पाचा जयजयकार करेल!" गणपती बाप्पा मोरया. मोजा. प, ब, प्प, म. शब्दभ्रम करणाऱ्याला याहून वाईट वाक्य शोधून सापडणार नाही. दत्तूच्या तोंडून निघालं, "गणती दात्ता नोरया." क्षणभर सगळं चिडीचूप. मग पुढच्या सतरंजीवरून एका चिमुरडीचा आवाज आला, "काका, हा तोतरा आहे का?"

आता दत्तू फक्त "गण..." म्हणतो आणि त्याला शिंक येते. पुढचं सगळा मांडव म्हणतो. लोकांना तो विनोद वाटतो, दरवर्षी फर्माईश होते.

टिगर मला भेटला तो भाचीच्या मुलीमुळे. ती जेवताना विनी द पू हे कार्टून बघायची. त्यातला उड्या मारणारा वाघोबा टिगर मुळात ज्याच्या आवाजात बोलला, तो पॉल विंचेल आमच्याच धंद्यातला निघाला. न्यूयॉर्कचा, जन्म १९२२ चा. सहाव्या वर्षी पोलिओ, शिवाय बोलताना अडखळायचा. मासिकातली जाहिरात बघून दहा सेंटात शब्दभ्रमाचं साहित्य मागवलं, शाळेच्या चित्रकलेच्या तासाला बाहुला केला आणि १९३८ मध्ये रेडिओवरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत पहिला आला. रेडिओवर शब्दभ्रम! ओठ बघायला तिथे होतं कोण? बाहुल्याचं नाव जेरी माहोनी. म आहे त्यात, तरी ठेवलं. मी असतो तर नसतं ठेवलं.

१९६८ पासून तो टिगर झाला, पुढे स्मर्फ्स या कार्टूनमधला दुष्ट गार्गामेलही. मधल्या काळात कृत्रिम हृदयाची रचना करून १९६३ मध्ये पेटंटही मिळवलं. मला मात्र चटका लावते ती टेपांची गोष्ट. त्याच्या लहान मुलांसाठीच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेपा हक्कांच्या भांडणात नष्ट केल्या गेल्या. १९८६ मध्ये ज्युरीनं त्याला पावणेदोन कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. टेपा काही परत आल्या नाहीत.

बाहुल्याकडून माइककडे जाणं म्हणजे काय, ते मला एकदाच कळलं. फरसाणाच्या एका दुकानाची रेडिओ जाहिरात होती, मला मिरचीचा आवाज द्यायचा होता. पहिल्या टेकला रेकॉर्डिंगवाला हेडफोन काढून म्हणाला, "भिया, मुँह तो खोलो." मी सवयीनं दात आवळून बोलत होतो! समोर काच, काचेपलीकडे तो एकटा, आणि मी ओठ लपवतोय. मग उघडलं तोंड. वीस वर्षं दाबून ठेवलेला प असा सुटला की माइकमध्ये फट्कन हवा आदळली. तो म्हणाला, "अब प थोडा कम मारो." शेवटी माइकपुढे जाळी लावली आणि मला जरा तिरकं उभं केलं. अकराव्या टेकला 'चटपटीत' जमलं. पैसे पाचशे मिळाले, तेही दिवाळीनंतर.

त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर मी मोठ्यांदा "पापड, बाबा, भाऊ, मामा" म्हणत आलो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत होता. बघू दे.

घरी मात्र दत्तू अजून ओठबंदच बोलतो. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. दत्तूला 'आई' स्वच्छ येतं, 'बाबा' येत नाही, म्हणून तो त्यांना 'नाना' म्हणतो. आमच्या घरात त्यांना नाना म्हणणारा दुसरा कुणी नाही. मी तीनदा "बाबा, टीव्ही जरा हळू करा" म्हटलं तरी त्यांना ऐकू येत नाही. दत्तूनं एकदा "ओ नाना" म्हटलं की ते लगेच रिमोट शोधायला लागतात.