पोलवर असलेलं इंजिन

कार्टिंगमध्ये मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "इंजिन कधी उघडायचं?" विचारणाऱ्याला उत्तर तासांत हवं असतं. माझ्याकडे येणारी इंजिनं बहुतेक 125 सीसीची, टू-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारी, 54 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 54 मिलिमीटर स्ट्रोकची (पिस्टनची वर-खाली चाल). त्यांना मी ढोबळ हिशोब सांगतो: आठ-दहा तासांनी पिस्टन, त्याच्या दुप्पट तासांनी बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं, क्रँकच्या पिनवर फिरणारं बेअरिंग. सांगतानाच मला ठाऊक असतं की तासांना फारसा अर्थ नाही. चालवणारा कोण, ऑइल किती घालतो, मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) किती दातांचा, यावर सगळं ठरतं.

तरी लोक तासांचा मीटर बघतात. काही मेकॅनिकही मीटर बघूनच बिल करतात. पिस्टनच्या बाजूला बारीक पॉलिशपेपर मारून तो 'नवा' म्हणून परत घालणारेही मी पाहिलेत. असो.

त्या शनिवारी क्वालिफाइंगला आमचा मुलगा पहिला आला, म्हणजे फायनलला पोलवर, सगळ्यांच्या पुढे उभा राहणार. वय चौदा, हात चांगला, तोंडाने कमी. वडील खूश. दुसऱ्या दिवशी फायनल. मी नेहमीप्रमाणे संध्याकाळी प्लग काढून गाडी तपासायला बसलो, तर मुलगा हेल्मेट पुसत म्हणाला, "काका, आज पायाला झिणझिण्या जास्त येत होत्या."

वडिलांनी ते ऐकलंही नाही. ते मोबाइलवर लॅपटाइम दाखवत फिरत होते.

आता इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्यांना हे दिसत नाही. टू-स्ट्रोकचा वरचा भाग, म्हणजे पिस्टन, रिंग, सिलिंडर, थकला की तो तक्रार करतो. रिंग झिजली की तोच जेट, तोच स्प्रॉकेट असूनही सरळ पट्ट्याच्या शेवटी शंभर-दोनशे आरपीएम कमी दिसतात. गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. एक्झॉस्ट काढून पोर्टमधून टॉर्च मारला की पिस्टनवर रिंगच्या खाली तपकिरी डाग दिसतो, म्हणजे गॅस रिंग ओलांडून खाली येतोय. बारीक काडीने रिंग दाबली तर ती मोकळी हलायला हवी; अडकली असेल तर कार्बनने धरलीय. सिलिंडर उतरवला की तीच रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने गॅप मोजायचा, बोअर वेगवेगळ्या उंचीवर आणि दोन्ही दिशांना मोजायचा. झीज बहुधा एक्झॉस्ट पोर्टच्या आसपास आधी दिसते. क्रँकचं सील गळू लागलं तर आयडलिंग वरखाली होतं, मिश्रण पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि हवा भरून दाब टिकतो का हे बघितलं की चोर सापडतो. या सगळ्याला वेळ मिळतो. लॅपटाइम हळूहळू वाढतो, माणूस शुद्धीवर येतो.

बिग एंडचं तसं नाही. तो दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसासारखा असतो, कामाला हजर, तोंडावर काही नाही, आणि एक दिवस सरळ आडवा. त्याची ताकद आधी कमी होत नाही. उलट सगळं सैल, मोकळं झालेलं इंजिन फार छान पळतं. या खेळातले जुने लोक म्हणतात की इंजिन जाण्याआधी सर्वांत वेगवान असतं. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

मी पिस्टन वरच्या टोकापासून थोडा खाली आणला, प्लगच्या भोकातून प्लास्टिकची काडी पिस्टनवर टेकवली आणि क्रँक हाताने जरासा मागेपुढे केला. निरोगी इंजिनात क्रँक वळला की काडी लगेच वर-खाली होते. इथे आधी क्रँक किंचित फिरत होता आणि काडी गप्प होती, मग बारीक 'टिक' होऊन हलत होती. आवाजापेक्षा बोटाला जास्त कळत होतं. मी तीनदा पुन्हा केलं. मग रीड ब्लॉक (मिश्रण आत घेणाऱ्या झडपांचा ठोकळा) काढला, पांढऱ्या कापडाने क्रँककेसचा तळ पुसला आणि टॉर्चखाली धरला. राखाडी चिकट तेल, त्यात बारीक चमक. लोहचुंबक फिरवला तर थोडी चमक चिकटली, बाकी नाही. म्हणजे नुसतं पिस्टनचं ॲल्युमिनियम नव्हतं, आत कुठेतरी पोलाद झिजत होतं.

डेटा लॉगर उघडला आणि कारणही सापडलं. वडिलांनी ट्रॅक आखूड म्हणून मागे दोन दात मोठा स्प्रॉकेट लावला होता, मला न विचारता. सरळ पट्टा संपायच्या आधीच इंजिन लिमिटरला, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेला, टेकत होतं. आणि तिथेच मुलगा ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत होता. टू-स्ट्रोकमध्ये बिग एंडला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबर. थ्रॉटल बंद, आरपीएम सर्वाधिक: बेअरिंगला सर्वांत उपाशी ठेवण्याचा तो क्षण. जुन्या डायरेक्ट ड्राइव्ह (क्लच नसलेल्या) गाड्यांत चालवणारे पट्ट्याच्या शेवटी कार्बोरेटरच्या तोंडावर क्षणभर हात ठेवत, मिश्रणात पेट्रोल, आणि त्याबरोबर तेल, वाढावं म्हणून. आता हात ठेवणारं कोणी नाही, आणि वडिलांना मीटरवर तास कमीच दिसत होते.

"हे इंजिन उद्या लावू नका," मी म्हणालो.

"दादा, पोलवर आहोत आपण."

"म्हणूनच सांगतोय. पट्ट्याच्या शेवटी बिग एंड जाम झाला की गाडी एकदम मंदावते. मागून अख्खा घोळका येत असतो."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग दुसरं इंजिन लावा म्हणाले, पण असं, की जणू मी त्यांचं काही काढून घेतलं. सुटं इंजिन जुनं, ओळखीचं, विश्वासाचं, आणि दर लॅपला सेकंदाचे दोन दशांश मंद. रविवारी मुलगा सहावा आला.

ते पोलचं इंजिन मी नंतर उघडलं, वडील शेजारी उभे. क्रँक प्रेसवर दाबून सोडवला, पिन बाहेर आली. बेअरिंगच्या सुया धरणाऱ्या केजचा चांदीचा मुलामा कडांवरून उडालेला, खालचं तांबूस दिसत होतं. पिनवर सुयांच्या मार्गात मॅट पट्टा, एका बाजूला निळसर झाक, आणि भिंगाखाली टोचल्यासारखे बारीक खड्डे. माझ्या दृष्टीने निकाल स्पष्ट होता. वडिलांनी ती पिन बोटांत फिरवली आणि म्हणाले, "एवढंच?"

त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. नुसत्या डोळ्यांना ती पिन जवळजवळ चांगली दिसते. माझ्या शेजारच्या बाकावरचा मेकॅनिकही म्हणाला, "फायनल निघाली असती." शक्य आहे. पंधरा मिनिटांची शर्यत, सरासरी 12,000 आरपीएम धरलं तर 1,80,000 फेरे. आणि 15,000 ला एका सेकंदात 250 फेरे, पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 27 मीटर. त्या पिनमध्ये अजून किती फेरे शिल्लक होते, हे सांगणारं कुठलंही गेज माझ्याकडे नाही. डायल गेज प्ले (सैलपणा) सांगतो, शिल्लक आयुष्य सांगत नाही. मी काढायला सांगितलं नसतं आणि ती टिकली असती, तर मी कुणाच्या लक्षातही राहिलो नसतो. मी काढायला लावलं, म्हणून ती टिकली असती की नाही हा वाद कायम माझ्या गळ्यात.

नवीन रॉड, पिन, बेअरिंग घालून, क्रँक सरळ करून, रनआउट (फिरताना होणारी थरथर) मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांच्या आत आणून इंजिन बांधलं. पहिलं सेशन हलक्या पायाने घ्यायला सांगितलं होतं. मुलाने ते पाळलं, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. खाली उतरल्यावर मी विचारलं, "पाय?"

"झिणझिण्या गेल्या, काका. पण गाडी पळत नाहीये."

खरंच पळत नव्हती. नवीन बेअरिंग आणि नवीन पिस्टन मोकळे व्हायला वेळ घेतातच. त्याच संध्याकाळी वडिलांचा फोन आला: आत काही राहिलंय का, पुन्हा उघडून बघायचं का?