स्पिरिट सोडून पाण्याकडे

आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कोअरला (ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा ठोकळा) स्पिरिटचं कोटिंग मारायचं आणि काडी लावायची, ही जुनी रीत. भक्कन जाळ, कोअर कोरडा! काम झटपट, पण वास डोक्यात जातो आणि आगीची धास्ती कायम. आता आम्ही पाण्यातलं कोटिंग वापरतो.

त्यात झिरकॉन या उष्णता सोसणाऱ्या खनिजाची बारीक पूड असते. १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड वाळूत शिरू नये म्हणून. पण झिरकॉन पाण्याच्या साडेचारपट जड, नुसत्या पाण्यात तळाशी दगडासारखा बसतो. म्हणून बेंटोनाईट या चिकणमातीबरोबर झँथन गम घालायचा, अगदी थोडा. गंमत बघा, ब्रश फिरतो तेव्हा मिश्रण पातळ, हात थांबला की पुन्हा घट्ट. उभ्या बाजूवरूनही ओघळ येत नाही. हा गम म्हणजे जिवाणूंकडून साखर आंबवून मिळवलेला पदार्थ. सॉसमध्येही तोच असतो. स्टार्चपासूनचं डेक्स्ट्रिन सुकल्यावर पूड धरून ठेवतं.

नैसर्गिक म्हटलं की कुजणार. मे महिन्यात जंतुनाशक न घालता बादली ठेवली, तर आंबूस वास येतो आणि घट्टपणाही जातो.

खरी डोकेदुखी पावसाळा. जुलैत कोल्हापूरच्या हवेत काही सुकतंय होय? ओल राहिली, तर धातू ओतताच वाफ होते आणि कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं पडतात. ओव्हन हवाच, तोही दमट हवा बाहेर फेकणारा. कोटिंग विकणारे स्पिरिटची बचत रंगवून सांगतात, ओव्हनच्या बिलाबद्दल मात्र चकार शब्द नाही. मला विचाराल तर आधी ओव्हन घ्या.