चित्रपट्टीकाराची कारकीर्द तारखेवार लावताना

एका स्थानिक दैनिकात रोज चित्रपट्टी (चौकटींतली कॉमिक स्ट्रिप) काढणाऱ्या चित्रकाराचं सगळं काम पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत क्रमाने लावायचं मी मनावर घेतलं, तेव्हा हाताशी फक्त वाचकांनी जपलेल्या कात्रणांच्या वह्या होत्या. पुस्तकं निघालेली नव्हती, सूची नव्हती. हे काम कसं पार पडलं, वेळ कुठे गेला आणि कुठे हमखास चूक होते, ते लिहिते. कुठल्याही गावातल्या, कुठल्याही भाषेतल्या पट्टीकाराला ते लागू पडेल.

आधी आकडा डोळ्यांसमोर हवा. आठवड्यातून सहा दिवस पट्टी येत असेल तर वर्षाला 313, रोज येत असेल तर 365. वीस वर्षांचे होतात सव्वासहा ते सव्वासात हजार. एवढ्या पसाऱ्यात ‘चांगल्या तेवढ्या वेचून ठेवू’ म्हटलं की काम बुडालंच. निवड शेवटी करायची. सुरुवातीला संगणकावर कोरं कॅलेंडर मांडायचं. प्रत्येक दिवसाला एक ओळ, पट्टी मिळालेली असो वा नसो. मी सुरुवात उलटी केली होती, म्हणजे हाती आलेल्या कात्रणांची यादी. त्या यादीत काय आहे ते दिसतं, काय नाही ते दिसत नाही. आणि कारकीर्द समजते ती बरीचशी काय नाही त्यावरून.

रकाने असे ठेवले: तारीख (वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आपोआप नीट लागते), वार, आवृत्ती, पान क्रमांक, चौकटींची संख्या, पट्टीची रुंदी आणि उंची, सही कशी आहे, पहिल्या संवादाच्या फुग्यातले पहिले पाच शब्द, पात्रं, कथानक चालू असेल तर त्याचं नाव, छायाचित्राच्या फाइलचं नाव. शेवटचा आणि सगळ्यात मोलाचा रकाना ‘स्थिती’. त्यात पाचच शेरे चालतात: ‘पाहिली’, ‘अंक निघालाच नाही’, ‘अंक गहाळ’, ‘अंक आहे, पान फाटलेलं’ आणि ‘अंक पूर्ण, पट्टी नाही’. या पाचांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात. छापखाना सुट्टीवर असल्याने अंक न निघणं वेगळं आणि अंक निघूनही पट्टी न येणं वेगळं. सलग बारा दिवस ‘अंक पूर्ण, पट्टी नाही’ असा शेरा पडला तर तिथे आजारपण, भांडण, जाहिरातींची गर्दी किंवा निवडणूक यांपैकी काहीतरी असतं, आणि ते शोधता येतं.

पट्टी शोधायची ती मूळ अंकातच. दैनिकाच्या कचेरीतले किंवा ग्रंथालयातले बांधीव खंड मिळाले तर त्यांच्यासारखं काही नाही. ते नसतील तर मायक्रोफिल्म, म्हणजे पानांची बारीक छायाचित्रं असलेली फिल्म. 35 मिमी रुंदीचं, साधारण 30 मीटरचं रीळ असतं आणि दैनिकाच्या पानांप्रमाणे त्यात पंधरा दिवस ते महिनाभराचे अंक मावतात. मायक्रोफिल्मचे दोष मात्र आधी माहीत हवेत. ती मजकुरासाठी काढलेली असते, काळं-पांढरं ठळक आणि मधल्या छटा गायब. राखाडी ठिपक्यांची सावली तिच्यात सरळ काळी होते. रविवारची रंगीत पट्टी म्हणजे नुसता डाग. पुरवण्या कित्येकदा चित्रित केलेल्याच नसतात, आणि नेमकी रविवारची पट्टी पुरवणीत असते. शिवाय फिल्म बहुधा एकाच आवृत्तीची असते. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत जागेअभावी पट्टी गाळली आणि शहर आवृत्तीत ठेवली, असं सर्रास होतं. म्हणून फिल्मवरून ‘पट्टी नाही’ असा शेरा देताना आवृत्ती लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मूळ कागदाचं मोल किती, याचं उदाहरण म्हणजे बिल ब्लॅकबियर्ड. अमेरिकेतली ग्रंथालयं मायक्रोफिल्म झाल्यावर बांधीव खंड काढून टाकत होती, तेव्हा या माणसाने ते घरी आणून साठवले. 1998 मध्ये हा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाच्या व्यंगचित्र ग्रंथालयात गेला. जुन्या रंगीत पट्ट्यांचे आजचे कितीतरी संग्रह अशा वाचलेल्या कागदावरूनच छापता आले. गावच्या दैनिकासाठी असं कुणी केलेलं नसतं. त्यामुळे खंड रद्दीत निघाल्याची कुणकुण लागली तर त्याच दिवशी जाऊन विचारावं.

डिजिटल संग्रह असेल तर शोधपेटीवर विसंबून चालत नाही. फुग्यातली अक्षरं बहुधा हातची असतात, यंत्राला ती नीट वाचता येत नाहीत. पट्टीचं नावही बहुतेक वेळा हाताने रंगवलेलं. शब्द टाकून शोधलं तर शून्य येतं आणि पट्टी नव्हतीच असा समज होतो. सोपा उपाय म्हणजे पट्टी कुठल्या पानावर येते ते एकदा पाहून घ्यायचं आणि रोजच्या अंकाचं तेवढंच पान उघडत जायचं. पान बदललं की समजावं, दैनिकाची मांडणी बदलली. मग त्या आठवड्यातले सगळे अंक पहिल्या पानापासून पाहावेत, कारण अशा वेळी पट्टीचा आकारही बदलतो आणि संपादकांचं निवेदनही त्याच सुमारास येतं.

आता कात्रणं. तारीख नसलेलं कात्रण म्हणजे अर्धंच कात्रण, पण ते टाकू नये. आधी उलटून पाहावं. मागच्या बाजूला सिनेमाच्या जाहिराती, सामन्याचा निकाल, बाजारभाव, निधनवार्ता, काही ना काही असतंच. एका कात्रणाच्या मागे ‘मंगळवार, 14 मार्च’ एवढंच उरलं होतं, वर्ष कात्रीत गेलेलं. 14 मार्चला मंगळवार 1978, 1989, 1995 आणि 2000 या वर्षी आला. वार आणि तारीख यांची जोडी 5, 6 किंवा 11 वर्षांनी परतते, त्यामुळे उत्तर नेहमी अशा तीनचार वर्षांत अडकतं. पुढचं काम चित्राने केलं. फुग्यातली अक्षरं हातची होती, पण राखाडी छटेत ठिपके अगदी एकसारखे, म्हणजे ठिपक्यांची चिकट पारदर्शक फिल्म कापून लावलेली. या चित्रकाराच्या पट्टीत ती 1985 च्या आधी दिसत नाही आणि 1992 नंतर अक्षरं संगणकाची होतात. उरलं 1989. खंड उघडला, पट्टी त्या पानावर होती. अशी खातरजमा झाल्याशिवाय तारीख पक्की धरायची नाही. तोवर रकान्यात प्रश्नचिन्ह.

यासाठीच प्रत्येक चित्रकाराच्या बदलांचा एक छोटा तक्ता करावा लागतो. सही पूर्ण नावाची कधी, आद्याक्षरांची कधी. रेषा टाकाची की ब्रशची. टाकाची रेषा वळणावर अचानक जाड होऊन लगेच बारीक होते, ब्रशची हळूहळू फुगते. मुख्य पात्राचं नाक, कान, बोटांची संख्या. चौकटीला कड आहे की नाही. आणि पट्टीचं प्रमाण, म्हणजे रुंदी भागिले उंची. सेंटिमीटरपेक्षा हे प्रमाण भरवशाचं, कारण झेरॉक्स आणि फिल्ममध्ये आकार बदलतो, प्रमाण टिकतं. दैनिकाने कॉलमची रुंदी बदलली की प्रमाण त्याच दिवशी बदलतं. जागा आखडत गेली की चित्रकार काय करतो हे पाहणं मला या सगळ्या कामात सर्वांत शिकवणारं वाटलं: पार्श्वभूमी जाते, मग पाय जातात, पात्रं कमरेपासून वर उरतात, फुग्यातले शब्द पंचवीसवरून बारापंधरावर येतात. त्याला चित्रकाराचा कंटाळा समजणं हा अन्याय आहे. तीनच कॉलम मिळाल्यावर चार चौकटींत झाड, घर आणि माणूस मावत नाही.

पुनर्मुद्रण हा मोठा सापळा. चित्रकार रजेवर गेला की जुनी पट्टी पुन्हा लावतात, तीही न सांगता. पहिल्या फुग्यातले पाच शब्द रकान्यात घेण्याचं कारण हेच. तो रकाना अक्षरानुक्रमे लावला की जुळी भावंडं शेजारी येतात. दुसरा सापळा पाहुण्या हाताचा. सही तीच असते, पण अक्षरांची गोलाई वेगळी दिसते. चेहऱ्याची नक्कल जमते, हाताची बोटं आणि फुग्यातली अक्षरं सहसा जमत नाहीत. तिसरा सापळा श्रेयाचा. चित्र एकाचं आणि मजकूर दुसऱ्याचा अशी जोडी असते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 1991 पासून दोघांच्या नावावर आला म्हणून आपल्याला ते माहीत आहे. लहान दैनिकांत लिहिणारा उपसंपादक असेल तर त्याचं नाव कुठेच नसतं, ते विचारूनच कळतं.

पट्टीच्या बाहेरचं कामही गोळा करायचं. दैनिकात नोकरीला असलेला चित्रकार नकाशे काढतो, पुरवणीची शीर्षकं रंगवतो, कथेला चित्रं देतो, निवडणुकीत अर्कचित्रं करतो, बहुतेक बिनसहीची. पट्टी सुरू होण्याआधीच्या दोनतीन वर्षांत याच तुकड्यांत पुढची पात्रं सापडतात. अमेरिकन पट्टीकार चार्ल्स शुल्झ यांनी 1947 ते 1950 या काळात सेंट पॉल शहरातल्या दैनिकात ‘लिल फोक्स’ हे साप्ताहिक सदर काढलं. चार्ली ब्राऊन हे नाव त्यात आधीच आलेलं होतं. चार्ली ब्राऊन मुख्य पात्र असलेली त्यांची प्रसिद्ध पट्टी ‘पीनट्स’ सुरू झाली 2 ऑक्टोबर 1950 ला. स्थानिक दैनिकातली वर्षं वगळली तर या माणसाची सुरुवातच दिसत नाही.

मूळ चित्रं पाहायला मिळाली तर घाई करू नये. छापील पट्टीपेक्षा ती साधारण दीड ते दुप्पट मोठी असतात, जाड ड्रॉइंग बोर्डवर. समासात पेन्सिलीने लिहिलेली तारीख बहुधा छापायच्या दिवसाची असते, काढल्याच्या दिवसाची नव्हे. दोन्ही एकच मानलं की चित्रकार किती दिवस आधी काम करत होते याचा हिशेब चुकतो. मागच्या बाजूला कला विभागाचा शिक्का आणि ‘किती टक्के लहान करा’ ही सूचना असते. फिकट निळी पेन्सिल शोधावी. छपाईच्या फिल्मला तो निळा दिसत नसे, म्हणून चित्रकार ती खोडत नसत. एका चित्रावर दिवा कडेने तिरपा धरला तेव्हा शेवटच्या चौकटीत निळ्या रेषेत मुलगा दाराकडे तोंड करून उभा दिसला. शाईत तो पाठमोरा आहे आणि चेहऱ्याच्या जागी सफेद रंगाचा थर. विनोद त्या पाठीमुळेच जमलाय, आणि तो बदल छापील अंकात कधीच कळला नसता. ठिपक्यांची फिल्म जुनी झाली की कडेने सुटते. बोटाने दाबून बसवायचा मोह आवरावा, तुकडा तुटतो.

छायाचित्र आणि स्कॅन यांबाबत थोडक्यात. पातळ वर्तमानपत्री कागदाखाली नेहमी काळा कागद ठेवावा, म्हणजे मागचा मजकूर पुढे उमटत नाही. या एका गोष्टीने निम्मी साफसफाई वाचते. रेषाचित्रं 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके), राखाडी छटांत. नुसतं काळं-पांढरं स्कॅन केलं तर बारीक रेषा तुटते. ठिपक्यांवर लहरी उमटल्या तर कागद थोडा तिरका करून पुन्हा घ्यावं. बांधीव खंड दाबून सपाट करू नये, पाठ फुटते. कॅमेरा वरून सरळ, दिवे दोन्ही बाजूंनी तिरके, फ्लॅश बंद. आणि फाइलचं नाव म्हणजे तारीखच.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे उजेडात पिवळा पडून मोडतो. चिकटपट्टी, लॅमिनेशन, डिंक, तिन्ही नकोत. कात्रणं आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवावीत. वहीत चिकटवलेली कात्रणं सोलू नयेत, पान तसंच्या तसं स्कॅन करावं. शेजारची कात्रणंही तारीख सांगतात.

चित्रकार किंवा घरच्यांना भेटायला जायचं ते निम्मं कॅलेंडर भरल्यावरच. ‘सुरुवात कधी झाली’ असं विचारलं की वर्ष अंदाजे मिळतं, आणि ते दोनतीन वर्षांनी सहज हुकतं. ‘या महिन्यात अकरा दिवस पट्टी नाही, तेव्हा काय झालं होतं’ असं विचारून पान समोर ठेवलं की आठवण नेमकी येते. मानधन पट्टीमागे होतं की महिन्याचं, आठवड्याचं काम कुठल्या वारी द्यायचं, पट्टी नाकारली गेली तर बदली तयार असे का, पात्राचं नाव कुणी सुचवलं, हे प्रश्न यादीतच हवेत. जाहीर करायच्या आधी हक्कांचाही विचार करावा: नोकरीतल्या कामाचे हक्क अनेक देशांत दैनिकाकडे जातात, बाहेरून काम करणाऱ्याचे कराराप्रमाणे. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार संरक्षण किमान कर्त्याचं आयुष्य आणि त्यापुढे 50 वर्षं आहे, बऱ्याच देशांत त्याहून जास्त. दैनिक आणि चित्रकार (किंवा घरचे), दोघांकडून लेखी परवानगी घेतलेली बरी.

पट्टी बंद झाली ती तारीख सापडली की खंड मिटायचा नाही. पुढचे दोनतीन आठवडे वाचकांची पत्रं पाहावीत. पट्टी का गेली, तिच्या जागी काय आलं आणि कोणाला काय वाटलं, हे बऱ्याचदा फक्त तिथेच छापलेलं असतं. त्यानंतर सहा महिने त्याच पानावर नजर ठेवावी, कारण शिल्लक राहिलेल्या पट्ट्या सुट्या सुट्या येत राहतात. मी कॅलेंडरची एक प्रत दैनिकाच्या ग्रंथालयात दिली आणि ‘अंक गहाळ’ शेऱ्याच्या तारखांची वेगळी यादी करून ठेवली. जुन्या अंकांचा गठ्ठा कुठे निघाला असं कळलं की तेवढी एक यादी बरोबर नेते.