मेणाचं घर

आज बुधवार. माहीमला उतरले आणि गर्दीबरोबर सेंट मायकल चर्चपर्यंत गेले. आमच्या घरी मंगळवार सिद्धिविनायकाचा, चर्चला मी क्वचितच जाते. इथली बुधवारची नोव्हेना, म्हणजे नऊ बुधवार करायची प्रार्थना, १९४८ साली सुरू झाली. आजही रांगेत कुंकू लावलेल्या, गजरा माळलेल्या कितीतरी बायका असतात.

बाहेर एक मावशी मेणाच्या वस्तू विकत होत्या. हात, पाय, बाळ, घर. ज्याचं जे दुखतं, ज्याला जे हवं, ते तो वाहतो. मी घर उचललं. मावशींनी विचारलं, "जागेसाठी का गं?"

आणि मी बोलत सुटले. दादाशी चार वर्षं बोलले नाहीये. आईच्या आजारपणात खर्चावरून मी त्याला नको नको ते बोलले, तेही वहिनीसमोर. चूक माझीच होती, त्याच रात्री कळलं होतं. तरी फोन केला नाही. घरात कुणाला कधी सांगितलं नव्हतं, ते फुटपाथवर उभं राहून सांगितलं.

मावशींनी माझ्या हातातलं घर काढून परत टोपलीत ठेवलं.
"भावाला आधी फोन कर. हे घर मग ने."

तिथेच लावला. "दादा, माझं चुकलं."
बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "एवढा आवाज कसला येतोय? कुठे उभी आहेस तू?"

रविवारी त्याच्याकडे जेवायला जातेय. पुढच्या बुधवारी मावशींकडे.