तांब्यातली राणी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारी माळ्यावरचा तांब्याचा हंडा चिंच लावून घासला. काठाखाली आजीचं नाव, टिंबाटिंबांनी घातलेलं. एका वेलांटीत ठोकणाऱ्याचा हात चुकलाय, ती चूक तशीच राहिलेली.

तेच डोक्यात घेऊन रात्री इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथचं १५९६ सालचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र लॅपटॉपवर मोठं करून बघत बसले. कोरणारा क्रिस्पाइन दे पास. तो तेव्हा जर्मनीत, कोलोनला राहायचा; राणी काही त्याच्यासमोर येऊन बसली नव्हती. दोन खांब, एकावर पेलिकन, दुसऱ्यावर फिनिक्स. पेलिकन छाती फोडून पिलांना रक्त पाजतो, अशी तिकडची समजूत, म्हणजे राणी प्रजेची आई. फिनिक्स एकटाच, राखेतून उठणारा. मागे समुद्रात जहाजं. त्याच वर्षी इंग्रजांनी स्पेनचं कादिस बंदर लुटलं होतं.

मी मात्र कपड्यांतच अडकले. जरीचा एवढा भार, आणि सगळा नुसत्या रेघांचा! कोरणी तांब्यात पुढे ढकलत न्यायची. वळण आलं की हात नाही, पत्रा फिरवायचा. अक्षरं उलटी कोरायची, कागदावर सुलट उमटावीत म्हणून. रेघ चुकलीच तर ती जागा खरवडायची, पत्रा मागून ठोकून वर आणायचा, पुन्हा कोरायचं. आमच्या हंड्यावर एवढे लाड कोण करणार?

चेहऱ्यावर मात्र मोजकंच काम. गोरेपणा म्हणजे न कोरलेलं तांबं, कोरा कागद. राणीची तेव्हा साठी उलटलेली. मला तरी ते वय नीट सापडलं नाही. त्याच वर्षी तिच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, तिची बेढब चित्रं शोधून नष्ट करायचा हुकूम काढला होता. आरसा फोडता येत नाही, चित्रं जाळता येतात! अर्थात एका पत्र्यावरून शेकडो छाप निघतात, ते कुठे कुठे शोधणार?

शाळेत ही बाई एका ओळीत भेटली होती: ३१ डिसेंबर १६००, ईस्ट इंडिया कंपनीला सनद. चेहरा आठवतच नाही.

झोपण्याआधी चित्र आडवं उलटवून पाहिलं. तांब्यावर ती अशीच असणार. पक्ष्यांनी खांब बदलले, खालचं लॅटिन अगम्य झालं (सुलट असतानाही मला कुठे कळत होतं म्हणा). राणी तशीच बघत होती.